पुण्याजवळचे नगर, सिंगापूरजवळचा देश

हिवरे बाजार आणि त्याच्या पुढची गावे पाहण्यास कसे जावे, असे या ब्लॉगच्या दोन-तीन वाचकांनी विचारले आहे. आजचे रस्ते त्यांना नकाशावरच दिसतील. मला ठाऊक असलेली वाट नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची आहे. तेव्हा आमच्या जिल्ह्याला अहमदनगर म्हणत. बोलताना नुसते नगर. त्या वाटेवर मी एका परदेशी विद्यार्थ्याला घेऊन गेलो होतो. परतताना छातीवरचा जो धोंडा उतरला, त्याची आठवण झाली की आजही श्वास मोकळा होतो.

विद्यार्थ्याचे नाव सेत्यावान. इंडोनेशियातील जावा बेटावरचा, वय अठ्ठावीस. तो राहुरीला शेतकीचे पदव्युत्तर शिक्षण घेत होता. पावसाळा संपल्यावर विहिरींतले पाणी कसकसे उतरत जाते, हा त्याच्या अभ्यासाचा विषय. शेतकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलता यावे म्हणून त्याला मराठी शिकायची होती, आणि कोणीतरी त्याला माझा भिंगारचा पत्ता दिला. मी तेव्हा हायस्कुलातून मराठीचा शिक्षक म्हणून नुकताच निवृत्त झालो होतो. आठ महिने दर रविवारी तो एस.टी.ने येत असे. चूक दाखवली की रागावत नसे. हा गुण मला माझ्या स्वतःच्या मुलांतही आढळलेला नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी तो उतरलेल्या चेहऱ्याने आला. एका गावातील सर्व विहिरींची पातळी त्याला वर्षभर मोजायची होती आणि दोन गावांनी लागोपाठ नकार दिला होता. शिष्यवृत्तीची मुदत पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत संपणार होती. येत्या फेब्रुवारीपासून मोजणी सुरू झाली नाही, तर वर्ष पुरे होत नव्हते. वर्ष पुरे झाले नाही, तर पदवीवाचून मायदेशी परतावे लागत होते. हिशेब इतका सरळ होता.

माझा जुना विद्यार्थी बबन हिवरे बाजारच्या पुढे, पारनेरच्या बाजूला, एका लहानशा गावात शाळेचा मुख्याध्यापक होता. (गावाचे नाव मी लिहीत नाही, गावाला पुढे जे शब्द दिले गेले त्यांतला तो एक होता.) त्याला मी कार्ड टाकले. आठवड्याने उत्तर आले: ‘सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाले की ग्रामसभा असते. पाहुण्यांना आदल्या दिवशीच घेऊन या. सभेने हात वर केले तर काम एका दिवसात होईल. नाही केले तर माझा इलाज नाही, सर.’

चोवीसच्या संध्याकाळी सेत्यावान भिंगारला मुक्कामास आला. माझ्या पत्नीला, सुशीलेला, त्याने एक चित्रकार्ड भेट दिले. त्यावर दगडी स्तूपांचा एक डोंगरच्या डोंगर होता: बोरोबुदूर. जगातील सर्वांत मोठ्या बौद्ध स्मारकांपैकी एक. आम्ही छप्पन सालापासूनचे बौद्ध. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि बुद्धाविषयी मराठीत जे जे मिळाले ते ते मी वाचले होते, अशी माझी समजूत होती. या स्तूपाचे नावही मला ठाऊक नव्हते. सेत्यावान मुसलमान. तो सहज म्हणाला, “माझे आजोबा याच्या पायऱ्यांवर खेळत होते, गुरुजी. आमचेच आहे ते.”

सुशीलेने कार्ड बुद्धमूर्तीशेजारी उभे केले आणि मला विचारले, “अहो, यांचा देश मोठा आहे ना?”

“लोकसंख्येने जगात चौथा,” मी म्हणालो.

“मग आपल्याला त्यातलं काहीच कसं माहीत नाही? अमेरिकेतलं कुत्रंसुद्धा आता टीव्हीवर ओळखीचं झालंय.”

नुकतीच आमच्या गल्लीत केबल आली होती, त्याचा हा संदर्भ. प्रश्न मला बिनतोड वाटला. गावकरीही हाच प्रश्न विचारणार, हेही उमगले. मी टेबलाशी बसलो आणि ‘काही विशाल देशांचा जगावरील सांस्कृतिक प्रभाव अल्प का असतो’ या शीर्षकाखाली चार पाने उत्तर लिहून काढले. सेत्यावानसाठी निवेदनाचे एक पान वेगळे लिहिले आणि त्याच्याकडून पाठ करून घेतले. एकही शब्द अडखळला नाही, तेव्हा कुठे मी त्याला झोपू दिले.

पंचवीस तारखेस सकाळी सातला माळीवाडा बसस्थानक. तेथून कल्याण रस्त्याने टाकळी खातगाव करीत हिवरे बाजारपर्यंत एस.टी. जात असे. तिकीट किरकोळ होते. मात्र ही गाडी चुकली तर दुपारपर्यंत दुसरी नसे आणि काळ्या-पिवळ्या जीपमध्ये कोंबून घेण्याची तयारी ठेवावी लागे. नगर सोडताच झाडे संपतात आणि जमीन उघडी पडते. जानेवारीत ती अजून सोसवते. ज्वारीची ताटे उभी असतात. मे महिन्यात त्या बाजूला जाण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

बसमध्ये मी माझी चार पाने सेत्यावानला वाचून दाखवू लागलो. ज्या देशांनी जहाजे आणि फौजा पाठवल्या, त्यांची भाषा आणि गाणीही त्या जहाजांतून गेली. ज्यांच्या किनाऱ्याला ती जहाजे लागली, ते फक्त माल देत राहिले. “लवंग आणि जायफळ तुमच्याच बेटांवरून जगभर गेले,” मी म्हणालो, “पण आमच्या मसाल्याच्या डब्यात तुमचे नाव कोणी घेत नाही. माल पोहोचला, नाव मागे राहिले.”

“हे खरे आहे,” तो म्हणाला. “पण अजून एक आहे, गुरुजी. आमच्या घरात माणसे खूप. गाणारा गातो, तर ऐकायला घरातच कोट्यवधी लोक. कॅसेट सगळ्या बेटांवर विकते. मग तो बाहेर कशाला जाईल? लहान देशाला बाहेर जावेच लागते.”

हे कारण माझ्या चार पानांत नव्हते. मी समासात टिपून घेतले. मग त्याने खिडकीबाहेर पाहिले, पुढच्या-मागच्या बाकांवर नजर टाकली आणि आवाज इतका खाली आणला, की मला कान जवळ न्यावा लागला. “आणि आमच्याकडे काय छापायचे, कोणते नाटक करायचे, हे सरकारला विचारावे लागते. घाबरलेला माणूस मोठ्याने गात नाही.”

टाकळी खातगावच्या एस.टी.त, जिथे त्याच्या सरकारचे नाव ऐकलेला एकही माणूस नव्हता, तिथेही तो कुजबुजला. त्या कुजबुजीने मला जेवढे समजले तेवढे माझ्या चार पानांनी समजले नव्हते. तरीही पाने मी खिशातच ठेवली. लिहिलेल्या मजकुरावर माणसाचा जीव जडतो.

हिवरे बाजारला आम्ही दोन तास काढले. डोंगरउतारावर खोदलेले चर, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीमुळे गुडघाभर वाढलेले गवत, दुधाच्या किटल्या घेऊन निघालेल्या सायकली. पाणी अडवण्याचे आणि जिरवण्याचे काम तेव्हा ऐन भरात होते. पाहायला जाणाऱ्यांनी गावात आधी कळवून जावे आणि सोबत कोणीतरी घ्यावे. एकट्याने पाहिल्यास चर हा नुसता खड्डा दिसतो. सेत्यावान प्रत्येक विहिरीत वाकून पाहत होता, आणि विहिरीगणिक त्याचा चेहरा अधिक गंभीर होत होता. हे गाव त्याला मोजणीसाठी मिळणार नव्हते. येथे आधीच बरेच अभ्यासक येऊन गेले होते. त्याला आपले गाव हवे होते.

तेथून पुढचे पाच किलोमीटर आम्ही पायी गेलो. वेशीजवळ चिंचेखाली पाच-पंचवीस माणसे जमली होती. पाटावर झेंडूचा हार ठेवला होता. मुली नव्या गणवेशात उभ्या होत्या. आम्हाला पाहताच पांढऱ्या मिशा आणि ताठ पाठ असलेले एक गृहस्थ झपाट्याने पुढे आले. ते थेट सेत्यावानसमोर उभे राहिले आणि गरजले, “ओ दाजु! कस्तो छ? कोनती पलटन?”

सेत्यावान गोंधळला. मी शिकवल्याप्रमाणे त्याने हात जोडले. “नमस्कार. मी आपल्या गावास भेट देण्यासाठी आलो आहे.”

“आयला!” गृहस्थ मागे वळून म्हणाले. “गुरखा मराठी बोलतोय, तेबी मामलेदारावानी!”

हे तात्या. पलटणीतून निवृत्त झालेले, गावात त्यांच्या शब्दाला मोठा मान. पलटणीत त्यांनी गुरखे पाहिले होते, ‘दाजु’ म्हणजे दादा एवढी त्यांची भाषाही उचलली होती, आणि लष्कराची छावणी भिंगारलाच. भिंगारहून तशा चेहऱ्याचा माणूस आला म्हणजे तो गुरखा जवान, यात त्यांना शंकाच नव्हती. हार ज्या फॉरेनच्या पाहुण्यासाठी होता, तो पाहुणा गोरा, उंच आणि मोटारीतून येणारा असणार, हेही सर्वांचे ठरलेले होते. बबन धावत आला. “तात्या, तात्या, हेच ते पाहुणे! इंडोनेशियाचे!”

मग बबनची आई कौसाकाकू हसू दाबत म्हणाल्या, “तात्या, सत्रा वर्सं पलटनीत ऱ्हाऊन तुमाला गुरखाबी वळखता यीना व्हय?”

सगळी वेस हसली. तात्यांची पाठ आणखी ताठ झाली. त्यांनी हार उचलला, सेत्यावानच्या गळ्यात जवळजवळ फेकला आणि निघून गेले. बबनने माझ्याकडे पाहिले. “सर, हे वाईट झालं. उद्या सभेत पहिला हात तात्यांचा असतो. त्यांनी हात वर केला नाही, तर कोणीच करत नाही.”

दुपारी बबनच्या रानात हुरडा होता. डिसेंबर-जानेवारीत नगरकडे येणाऱ्याने हुरडा खाल्ल्याशिवाय परतू नये. आगटीत भाजलेली कोवळी कणसे हातावर चोळायची आणि दाणे गरम असतानाच तोंडात टाकायचे. फॉरेनच्या माणसाला सोसणार नाही म्हणून कौसाकाकूंनी गूळ आणि दही ठेवले होते. सेत्यावानने पलीकडच्या वाटीतला ठेचा ओढून घेतला, बोटभर तोंडात टाकला आणि म्हणाला, “आमच्या घरी याहून तिखट असते.”

“खोटं बोलतोय,” कौसाकाकू म्हणाल्या, आणि तो दुसऱ्यांदा वाटी पुसून खाईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिल्या. “न्हाई बाई, खरं हाय.”

मग पोरांनी त्याला गाणे म्हणायला लावले. त्याने एक जुने हिंदी चित्रपटगीत सुरू केले आणि तिन्ही कडवी म्हटली. त्याच्या देशात ही गाणी घरोघरी पोहोचली होती, आमचे नटही लोकांच्या तोंडी होते. पोरे बेभान झाली. आणखी एक, आणखी एक. त्याने पाच म्हटली. मीही टाळ्या वाजवत होतो. डोक्यात मात्र एकच विचार होता, की उद्या तात्यांचा हात कसा वर जाईल.

सव्वीसला सकाळी आठला झेंडावंदन, प्रभातफेरी आणि प्रत्येक मुलाच्या हातावर दोन जिलेब्या. नऊला शाळेच्या ओट्यासमोर सतरंजीवर ग्रामसभा बसली. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. तात्या पहिल्या ओळीत, मांडीवर टोपी ठेवून. बबनने विषय सांगितला आणि सेत्यावान उभा राहिला.

त्याने माझे निवेदन म्हटले. ‘उपस्थित मान्यवर, माता-भगिनींनो, भूजलपातळीच्या नियमित नोंदींद्वारे...’ एकही चूक नव्हती. मी मान डोलावत होतो. आणि मला दिसले, की सतरंजीवरचे चेहरे एकामागून एक मिटत चालले आहेत. मागून कोणीतरी हळूच म्हणाले, “ह्यो तर तहशिलीतला कागद वाचतोय.” नोंद, पाहणी, अहवाल: या शब्दांनी त्या गावात कधीही चांगली बातमी आणलेली नव्हती. टंचाईच्या यादीत नाव असले तर उन्हाळ्यात टँकर येतो, आणि पाणी मोजले गेले की नाव उडते, हे तेथील पोरासोरांनाही ठाऊक होते. माझ्या निर्दोष वाक्यांनी मी माझ्या विद्यार्थ्याला सरकारी माणूस करून टाकले होते.

तात्या उठले. “मला एक इचारायचंय. अमेरिका आमाला म्हाईत हाय. रशिया म्हाईत हाय, जपान म्हाईत हाय. ह्यो कोनचा देश? बबन मास्तर म्हनतात, जगात चौथा. मग त्येचं एक गानं आमच्या कानावर न्हाई, एक शिनेमा न्हाई, एक मशीन न्हाई. एवढा थोरला मानूस आन् त्येला सावलीच न्हाई? ज्येला सावली न्हाई त्येला आमी काय म्हनतो, ते आयाबायांस्नी इचारा.”

बायकांच्या बाजूला खसखस पिकली. बबन माझ्याकडे पाहू लागला. मी उभा राहिलो आणि खिशातून चार पाने काढली. जहाजे, वसाहती, मसाले, कॅसेट. मला वाटते मी दहा मिनिटे बोललो. कोणी अडवले नाही, आणि कोणी ऐकलेही नाही. शेवटी तात्याच म्हणाले, अगदी आदराने, “गुरुजी, तुमी इद्वान मानूस. पन हे तुमचं झालं. ह्यो कोन हाय, ते त्येच्या तोंडून यीऊ द्या.”

मी बसलो. पानांची घडी करून ती पुन्हा खिशात ठेवली. सेत्यावान पुन्हा उभा राहिला. या वेळी त्याच्याजवळ पाठ केलेले काही नव्हते.

“तात्या,” तो म्हणाला, “मला पण माहीत नाही, का. मी पहिले पुण्यात आलो, राहुरीच्या आधी. खोली पाहायला गेलो. मालक विचारला, कुठून आला? मी सांगितलो, इंडोनेशिया. तो म्हणाला, हे कुठे आले? मी म्हटलो, सिंगापूरच्या जवळ. मग त्याला समजले. सिंगापूर केवढा आहे? तुमच्या एका तालुक्याएवढा पण नाही. आमचा देश या टोकापासून त्या टोकाला जायला विमानाला किती तास लागते. पण तीन वर्षे मी असाच सांगतो. सिंगापूरच्या जवळ. कोणी दुसरे काही समजत नाही. मला वाईट वाटते. मग मी तसेच सांगतो.”

त्या बोलण्यात किती चुका होत्या, हे मला त्या क्षणी मोजावेसे वाटले नाही.

तात्या अजून उभेच होते. त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “काय म्हनलास? जवळ?”

“हो. सिंगापूरच्या जवळ.”

तात्या सभेकडे वळले, आणि त्यांचा आवाज एकाएकी बदलला. “आरं, ऐकलं का? मी भरती झालो तवा उस्ताद इचारायचा, कहाँ के हो? मी म्हनायचो, नगर. कौन सा नगर? श्रीनगर? रामनगर? मी म्हनायचो, नगर, साहेब, महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा. त्येला काय कळायचं न्हाई. मग म्हनायचो, पुन्याजवळ. की लगीच, अच्छा, पूना! सत्रा वर्सं, आयला, सत्रा वर्सं मी पुन्याजवळ म्हनून काढली! माझी बायकोबी पत्रात पत्ता लिवताना इचारायची, पुन्याचं नाव घालू का म्हनून.”

“मुंबईत मलाबी तसंच सांगाया लागतं,” मागून एकजण ओरडला. “माथाडीत सगळे म्हनतात, ह्यो पुन्याकडचा.”

“मोठा जिल्हा, मोठा जिल्हा,” दुसरा म्हणाला. “नाव कशाचं हाय आपलं? कोल्हापूरची चप्पल, नागपूरचं संत्रं, पैठनची पैठनी. नगरचं काय?”

“नगरचा दुष्काळ!” कौसाकाकू म्हणाल्या.

अशी हसण्याची लाट मी कोणत्याही सभेत पाहिलेली नाही. तात्या डोळे पुसत होते. त्यांनी सेत्यावानच्या खांद्यावर थाप मारली. “म्हंजे तू आमच्यातलाच की रं, दाजु! तुझं शिंगापूर, माझं पुनं. बस खाली.”

परंतु कौसाकाकू आता उभ्या राहिल्या. हसू ओसरले तशा त्या म्हणाल्या, “ते समदं खरं. पन पानी मोजून तू सांगनार कुनाला? उद्या यादीतून गाव उडालं, तर टँकर कोन आननार? तुझं शिंगापूर?”

हा खरा प्रश्न होता. सेत्यावान बायकांच्या बाजूला वळला. मग म्हणाला, “काकू, पहिले तुम्हाला सांगीन. मोजले की त्याच दिवशी, इथे, शाळेच्या भिंतीवर लिहीन. तुम्ही वाचा. माझ्या पुस्तकात गावाचे नाव लिहिणार नाही. विहिरीला फक्त नंबर देईन.”

“आन् कमी हाय, का जास्ती, ते आमाला कळंल असं लिवशील?”

“हो. काकू, तुमच्यासमोर दोरी टाकीन. तुम्ही धरा.”

कौसाकाकूंनी शेजारणीकडे पाहिले. शेजारीण म्हणाली, “दोरी आपल्या हातात ऱ्हानार आसंल तर काय जातंय?”

तात्यांनी हात वर केला. मग त्यांच्या ओळीचा, मग बायकांचा, मग सगळ्यांचा. बबन हात मोजत होता, आणि काही वेळाने त्याने मोजणे सोडून दिले. सेत्यावान सतरंजीवर बसला आणि त्याने दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. तसे तो प्रार्थनेनंतर करीत असे.

त्याच सकाळी, जिलेबीचा पाक बोटांना चिकटलेला असतानाच, पहिली दोरी पडली. तात्यांच्या विहिरीत. दोरी कौसाकाकूंनी धरली होती. आकडा बबनने खडूने भिंतीवर लिहिला.

परतीला गावातल्या टेम्पोने आम्हाला टाकळीपर्यंत सोडले. ड्रायव्हरने भाडे घेतले नाही. टेम्पोत सेत्यावान माझ्या खांद्यावर डोके टेकवून झोपला. गेले तीन आठवडे तो नीट झोपलेला नव्हता. नगरला पोहोचल्यावर मी त्याला तारकपूरहून राहुरीच्या गाडीत बसवले आणि रिक्षाने भिंगार गाठले. उन्हे अजून होती. आंघोळ केली, चहा घेतला, आणि किती दिवसांनी पाठ खुर्चीला पूर्ण टेकली.

सुशीलेने सगळी हकीकत ऐकली. दोन ठिकाणी हसली, एके ठिकाणी तिने डोळे टिपले. मग म्हणाली, “बरं झालं बाई. सुटलं पोर. आता मला सांगा, त्यांच्याकडचं गाणं कसं असतं?”

“म्हणजे?”

“दोन दिवस बरोबर होतात. पाच गाणी म्हटली म्हणता. सगळी आपलीच ना? त्याचं एखादं ऐकलंत की नाही?”

ऐकले नव्हते. तात्यांनी भर सभेत विचारले होते, की त्यांचे एक गाणे आमच्या कानावर का नाही. गाणारा आदल्या दुपारी आमच्यासमोर बसला होता. पाच वेळा आम्ही त्याला ‘आणखी एक’ म्हणालो, आणि पाचही वेळा आम्हाला आमचेच हवे होते. आठ महिन्यांच्या रविवारांतही मी कधी विचारले नव्हते. जहाजे, वसाहती, भरलेले घर, घाबरलेला गाणारा: ही कारणे खोटी नाहीत, मी ती आजही मानतो. या सर्वांच्या अलीकडे, अगदी दाराशी, हे एक साधे कारण बसले होते, आणि ते त्याच्या देशातले नव्हते.

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा मोजणीच्या वहीची पहिली चार पाने भरली होती. पुढे वर्षभर ती भरत गेली. पदवी घेऊनच तो गेला. त्या रविवारी मी वही बाजूला ठेवायला सांगितली आणि म्हणालो, “आज धडा नको. तुमच्याकडचे एखादे गाणे म्हणा.”

भारतात येऊन त्याला तीन वर्षे झाली होती. “कोणते म्हणू?” त्याने विचारले, आणि मला काय सांगावे ते कळेना, कारण मला एकही ठाऊक नव्हते. मग त्याने स्वतःच निवडले. त्याची आई भात सडताना म्हणत असे ते. हळू आवाजात, मांडीवर बोटांनी ठेका धरत. दुसऱ्या ओळीला सुशीला स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. हाताला पीठ तसेच होते. संपल्यावर ती म्हणाली, “आणखी एकदा.”

या गोष्टीला आता किती वर्षे झाली, हे मोजत बसत नाही. हिवरे बाजारला जाणाऱ्यांनी जरूर जावे. रस्ता आता चांगला आहे. वाटेत कोणी परगावचा भेटला आणि त्याने आपल्या गावाचा पत्ता दुसऱ्याच गावाच्या आधाराने सांगितला, तर त्याला त्याच्याच गावाचे काहीतरी विचारावे. त्याला वेळ लागेल. थांबावे.

ते गाणे सुशीलेने उचलले, तिच्याकडून मुलीने, मुलीकडून नातीने. आज आमच्या घरात पीठ मळताना ते म्हटले जाते. उच्चार बरोबर आहेत की नाहीत, हे सांगू शकेल असे भिंगारमध्ये कोणी नाही. आम्ही म्हणतो.